बंद चिरेखाणीत रान आणि गवत परत कसं आणावं

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, त्यांची वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन. त्यातल्या दोन एकरांत भाडेपट्ट्याने चिरेखाण चालली, ती बंद पडून सहा-सात वर्षं झाली. खड्डा कुठे आठ फूट, कुठे वीस फूट खोल. पावसात पाणी भरतं, उन्हाळ्यात बराचसा तळ उघडा पडतो. उरलेला अडीच एकर कातळ शाबूत आहे. घरात कोणी म्हणतं, डंपरने माती आणून खड्डा बुजवू आणि हापूस लावू. कोणी म्हणतं, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की पाच वर्षांत जंगल. ताईंना मात्र पशुपक्ष्यांसाठी थोडं रान आणि थोडा गवताळ माळ हवा आहे. सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात.

ताई, आधी मातीचे डंपर थांबवा. खड्डा बुजवायचा नाही आणि शाबूत कातळावर रोपांसाठी एकही खड्डा खणायचा नाही. एवढं पाळलंत तर बाकीचं सावकाश आणि कमी खर्चात होतं. हे चुकलं तर पुढे कितीही रोपं लावा, भरपाई होत नाही.

असं का, ते सांगतो. मे महिन्यातला सडा काळा, तापलेला, ओसाड दिसतो. सातबाऱ्यावर तो बहुधा पोटखराबा म्हणून लागलेला असतो, त्यामुळे तिथे काहीच नाही असं आपणही धरून चालतो. पण जूनच्या चार सरी झाल्या की कातळाच्या खळग्यांत हिरवं धरायला लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, कवल्याचं पिवळं, तेरड्याचं गुलाबी असं एकापाठोपाठ एक येत राहतं. ओलसर जागी दवबिंदूची लालसर चिकट पानं दिसतात. दवबिंदू आणि सीतेची आसवं दोन्ही कीटकभक्षी आहेत. जांभ्यावरच्या पातळ मातीत नत्र इतकं कमी की त्या ते किडे धरून मिळवतात. मातीचा थर बोटभर आणि कस जवळजवळ नाही, म्हणून दांडगी गवतं आणि झुडपं तिथे वरचढ होत नाहीत, आणि वीतभर उंचीच्या या फुलांना जागा मिळते. त्यावर शेतातली कसदार माती पसरलीत तर पहिल्याच पावसात टाकळा आणि रानमोडी कमरेएवढी उभी राहते. मातीबरोबर त्यांचं बीही आलेलं असतं.

म्हणून तुमच्या साडेचार एकरांतली सगळ्यात मोलाची जागा खाणीची नाही, तो शाबूत अडीच एकर कातळ आहे. खाणीत जे काही परत येईल त्याचं बियाणं तिथूनच येणार. कातळावरचे खळगे, भेगा आणि त्यांत साठलेली मूठमूठ माती बनायला फार मोठा काळ गेला आहे, आणि तो खाणीच्या तळावर आपल्याला आणता येत नाही. दहा-पंधरा वर्षांत खाणीत चांगलं गवत येईल, झाडोरा येईल, पाणथळ उभी राहील. पण जुन्या सड्यासारखा फुलणारा सडा आपल्या हयातीत तिथे परत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्यांना अजून चिरे काढायचे आहेत त्यांनाही मी हेच कळकळीने सांगतो.

त्या अडीच एकरावर टेम्पो-ट्रॅक्टर नेऊ नका, आणि सुटे दगड गडग्यासाठी, म्हणजे दगडी कुंपणासाठी, गोळा करू नका. दगडाखालीच खरी वस्ती असते. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल, शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, दिवसभर अशा सुट्या दगडांखाली दडून राहते. तिची पहिली शास्त्रीय नोंद १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावातून झाली. त्याच गावातून २००३ मध्ये देवगांडुळाची, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचराची, एक नवी जात नोंदली गेली, गेगेनिओफिस शेषाचारी. दिपकाडी कोंकणेन्से ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर क्वचितच सापडते. हे सगळं तुमच्या बांधावर असेलच असं नाही. असलं तर ते शाबूत कातळावरच असेल.

दगडाखाली फुरसं हा विषारी सापही असतो. आपल्या भागात सड्यावर ते भरपूर. म्हणून दगड हाताने उलटायचा नाही, पायात बूट हवेत, आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय कातळावर फिरायचं नाही. काम करायला येणाऱ्या माणसांनाही हे आधी सांगा.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना, प्रकाश तिरपा असताना सगळा कातळ पायाखाली घाला. राजापूर तालुका कातळशिल्पांचा आहे. बारसू, देवाचे गोठणे आणि कशेळीचा तो भलामोठा हत्ती तुम्हाला माहीत असेलच. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कातळावर खोदलेल्या रेषा दिसल्या तर त्यावरची माती खरवडू नका, खडूने रेषा ठळक करू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

कागदाचंही बघा. खाणपट्ट्याची परवानगी संपली आहे का, त्यात खाण बंद करताना काय करायचं याच्या अटी होत्या का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत विचारता येतं. महाराष्ट्रात यासाठी गौण खनिज उत्खननाचे २०१३ चे नियम आहेत. शिवाय ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला निर्देश दिले, की खाणकाम संपल्यावर खोदलेल्या जागेवर पुन्हा गवत आणून ती चारा, वनस्पती आणि प्राण्यांना योग्य करावी, अशी अट खाणपट्टेधारकांवर घालावी. ज्यांचा भाडेपट्टा अजून चालू आहे त्यांनी खाणमालकाशी बोलताना हे जरूर काढावं. आणि खाणीत पडलेलं डबर बाहेर विकायचा विचार असेल तर आधी परवानगी विचारा. माझं मत विचाराल तर ते विकूच नका, पुढे त्याचा मोठा उपयोग आहे.

आता खाण. पहिला एक पावसाळा तिथे काहीही लावायचं नाही, नुसतं बघायचं. पाणी खाणीत कुठल्या बाजूने उतरतं, कुठे नुसतं वाहून जातं, कुठे जुलैत गुडघाभर उभं राहतं, कुठल्या भिंतीतून झरा पाझरतो. पाऊस ओसरला की दर पंधरा दिवसांनी भिंतीवर पाण्याच्या पातळीला चुन्याची रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मार्चपर्यंत तुमच्याकडे त्या खाणीचा नकाशाच तयार होतो. कुठे पाणी टिकतं, कुठे ओल राहते आणि कुठे दिवाळीलाच ठणठणीत कोरडं होतं, हे त्या रेघा सांगतात. कुठे झाड आणि कुठे गवत, हा निर्णय पुढे त्यावरच घ्यायचा आहे.

तळाची परीक्षा मात्र उन्हाळ्यात करा, पहारीने. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ असतो, म्हणून तर तो मशिनच्या पात्याने कापता येतो. उघड्यावर ऊन-वारा लागला की तो कठीण होत जातो आणि पुन्हा मऊ होत नाही. चिऱ्याच्या भिंती पिढ्यान् पिढ्या टिकतात त्या याच गुणामुळे, आणि खाणीचा तळ सिमेंटसारखा होतो तोही याच गुणामुळे. त्यात वर्षानुवर्षं ट्रक फिरलेले असतात. दर पाच-सात पावलांवर पहार मारत जा. जिथे ती खणखणत उलटते, हाताला झिणझिण्या येतात, तो भाग कातळ समजून सोडून द्या. तिथे गवत आणि छोटी फुलं येतील, झाड येणार नाही. सुरुंग लावून आणायचा हट्ट करू नका. जिथे पहार हातभर आत जाते, खाली पिवळट-पांढरी मऊ माती लागते किंवा भुकटीचा जाड थर असतो, तिथे झाडाची मुळं जागा करतात. अशा जागांना दगडांनी खूण करून ठेवा. बहुतेक खाणींत त्या कडेला, कोपऱ्यात आणि डबराच्या ढिगांशेजारी निघतात.

यातूनच वाटणी आपोआप ठरते. खाणीच्या क्षेत्राचा चौथा हिस्सा झाडोऱ्याला पुरे. बाकी गवत, उघडा कातळ आणि पाणी. सड्यावर मुळात घनदाट जंगल नव्हतंच. जंगल उतारावर, घळीत, वहाळाच्या काठाने होतं. वर गवत, कातळ आणि मधेमधे करवंदीच्या जाळ्या. माळटिटवी, मलबार चंडोल, रातवा हे मोकळ्या जागेचे पक्षी. सगळीकडे झाडं लावलीत तर त्यांना जागा उरत नाही. माळटिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, घरटं असं काही बांधतच नाहीत. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत खाणीच्या कोरड्या तळावर आणि कातळावर माणसांची वर्दळ कमीत कमी ठेवा. टिटवी ओरडत डोक्यावर फिरायला लागली तर आल्या पावली मागे फिरा.

भिंतींबद्दल लोकांना वाटतं, की त्या उतरत्या करून टाकाव्यात. सगळ्या नको. एक बाजू, शक्यतो ज्या बाजूने गुरं आणि माणसं येतात ती, डबर टाकून उतरती करा. पाण्यात पडलेलं जनावर, मग ते वासरू असो की साळिंदर, त्या उतारावरून बाहेर येऊ शकेल. पाणी सर्वात खोल असतं तिथे दुसरा एक खरबरीत उतार हवा. कापलेल्या चिऱ्याची भिंत सरळसोट असते, तिला पंजा लागत नाही. बाकीच्या भिंती मात्र उभ्याच राहू द्या. त्यांच्या कपारींत शृंगी घुबड बसतं. ओस पडलेल्या खाणी त्याला आवडतात. घरटं न बांधता ते भिंतीच्या टप्प्यावर किंवा पायथ्याशीच अंडी घालतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान. कपारीखाली त्याने ओकलेल्या, हाडं-केस असलेल्या गोळ्या पडलेल्या दिसल्या तर त्या महिन्यांत तिकडचं काम बंद. तळाजवळ जिथे मऊ मातीचा थर उघडा पडला असेल तिथे वेडा राघू आणि खंड्या बिळं कोरतात. पाझरत्या भिंतीवर आधी शेवाळ, मग नेचे आणि पुढे पायर किंवा नांदरुक आपणहून येतो. तो उपटू नका. वड-उंबराच्या कुळातलं एक झाड भिंतीत रुजलं की आजूबाजूच्या रानातले पक्षी तुमच्याकडे यायला लागतात.

भिंतीच्या वरच्या कडेला, कडेपासून सात-आठ फूट आत, गडगा घाला. दगड खाणीतल्या तुकड्यांचेच वापरा. गडग्याच्या आतल्या बाजूने करवंद लावा. चार वर्षांत अशी वई, म्हणजे काटेरी कुंपण, होते की गुरं त्यातून शिरत नाहीत. साचलेल्या खाणीत मुलं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो, त्यामुळे हे काम रोपांच्याही आधीचं. गावच्या शाळेत आणि वाडीच्या बैठकीत एकदा स्पष्ट सांगून या.

पाण्यात मासे सोडू नका. तिलापिया नको, मांगूर तर अजिबात नको, आणि डासांसाठी म्हणून गप्पीसुद्धा नको. फेब्रुवारीत आटणारं उथळ डबकं बेडकांसाठी सोन्यासारखं, कारण दरवर्षी आटल्यामुळे त्यात मासा टिकत नाही आणि अंडी-पिल्लं वाचतात. चतुरांचंही तसंच. पावसाबरोबर थव्याने येणारा ग्लोब स्किमर हा चतुर अशाच तात्पुरत्या पाण्यात वाढतो. डासांच्या अळ्या चतुरांच्या अळ्यांचं खाद्य आहेत, त्यामुळे पाणी जिवंत असलं तर डासांची वेगळी काळजी फारशी करावी लागत नाही. प्लास्टिकचा कागद घालून तळं करू नका. कमळं आणून सोडू नका. खोल भागात पाणी वर्षभर टिकत असेल तर टिबुकली आणि पाणकोंबडी काही वर्षांत येतील. त्यांच्यासाठी काठाला लव्हाळा आपणहून उगवू द्या.

आता गवत, तुमच्या प्रश्नातलं हे सगळ्यात महत्त्वाचं. खाणीचा तळ पहिली काही वर्षं काळपट दिसेल. पावसात तो बुळबुळीत होतो, उन्हाळ्यात त्याच्या पापुद्र्या निघतात. लोक तो घाण समजून खरवडतात. तो निळ्या-हिरव्या शैवालाचा थर असतो आणि हवेतलं नत्र जमिनीत बांधतो. त्याच्यावरच पुढे शेवाळ धरतं, शेवाळात भुकटी अडकते आणि त्या भुकटीत पहिलं गवत रुजतं. त्याला हात लावू नका. आपण फक्त दोन गोष्टींनी मदत करायची.

पहिली, मातीचा कण अडवायचा. उतार जिथे असेल तिथे आडव्या रेषेत दगडांच्या वीतभर उंचीच्या ओळी मांडा, मोर्टार नको, नुसते दगड. मशिनच्या पात्याने पडलेली लाल भुकटी या ओळींमागे साठते. दोन-तीन इंच साठली की पुरे. त्याहून जाड थर झाला तर पुन्हा दांडग्या तणाला आमंत्रण.

दुसरी, बी आणायचं, आणि ते तुमच्याच कातळावरून. सड्यावरची गवतं, म्हणजे कुसळी आणि डायमेरिया, इस्किमम, अरुंडिनेला, ग्लायफोक्लोआ या वंशांतल्या जाती, पाऊस ओसरता ओसरता बी धरतात. ग्लायफोक्लोआच्या काही जाती तर जांभ्याच्या सड्यांच्याच आहेत. सप्टेंबर अखेरीपासून गवतावर लक्ष ठेवा. काडी पिवळी पडली, कणीस बोटांनी चोळल्यावर दाणा सुटला, की कोरड्या दिवशी विळ्याने कापायचं. पण पट्ट्यापट्ट्याने. दरवर्षी कातळावरच्या गवताचा तिसरा हिस्साच कापा, म्हणजे मूळ जागा रिकामी होत नाही. एकाच दिवशी सगळं उरकू नका, कारण फुलांच्या जाती वेगवेगळ्या वेळी पिकतात. गवताबरोबर गेंद, कवला, नभाळी यांचं बीही येऊ द्या. हे कापलेलं गवत बियांसकट गोणपाटात भरून, उंदीर-वाळवीपासून जपून, माळ्यावर ठेवा. लगेच पसरलंत तर मुंग्या दाणा दाणा नेतात आणि उन्हाळ्याचा वारा उरलेलं उडवतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस टेकला असताना, दगडांच्या ओळींमागे ते पातळ पसरा आणि वर करवंदीच्या काटेरी फांद्या टाका. पहिल्या मोठ्या सरीला बी वाहून जात नाही, आणि गुरंही तोंड घालत नाहीत.

चाऱ्याच्या बाहेरून आलेल्या जाती, गिनी आणि पॅरा गवत, स्टायलो, कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका. त्या सड्यावर मोकाट पसरतात.

गवत धरलं की ते राखावं लागतं. अजिबात न कापलेलं, न चरलेलं गवत तीन-चार वर्षांत वाळलेल्या काडाखाली छोट्या फुलांना गुदमरवतं. नोव्हेंबरनंतर निम्मं कापा, किंवा शेजाऱ्यांची चार-दोन गुरं ठरावीक दिवस चरू द्या. निम्मं उभं ठेवा, लाव्यांना आणि सशाला आडोसा लागतो. कापायची बाजू दरवर्षी बदला. भात कापणी झाल्यावर गावची गुरं मोकाट सुटतात, हे आपल्याकडे चालत आलेलं आहे. त्याच्याशी भांडू नका. गुराख्याला विश्वासात घ्या. पहिली तीन वर्षं खाणीत गुरं नको आणि नंतर हंगामात हवी, हे त्याला नीट समजावलं की तोच तुमची राखण करतो.

वणव्याकडे दुर्लक्ष केलंत तर बाकीचं सगळं फुकट जाईल. जानेवारीपासून सडे पेटतात, कधी विडीने, कधी पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने, कधी शेजारच्या बागेतला पालापाचोळा जाळताना. गवत सुकलं की डिसेंबर संपायच्या आत हद्दीलगत दहा-बारा फुटांचा पट्टा बुडापासून कापून, झाडून मोकळा करा. हा पट्टा दरवर्षी करावा लागतो. लहान रोपांभोवती गवताची काडी ठेवू नका, दगड ठेवा. शेजारच्या बागायतदारांशी डिसेंबरातच बोला. त्यांनाही काजू-आंब्याची भीती असतेच, त्यामुळे हा पट्टा मिळून काढता येतो.

झाडांबद्दल आता थोडक्यात, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. ऑस्ट्रेलियन बाभूळ नको. ती भराभर वाढते हे खरं, सामाजिक वनीकरणात कोकणभर लावली गेली तीही त्यामुळेच. पण तिचा जाड पाला लवकर कुजत नाही, खाली गवत धरत नाही, आपल्या पाखरांना खायला तिच्यात फारसं काही नाही, आणि बी पडून ती तुमच्या शाबूत कातळाच्या भेगांत शिरते. आधीच काही उगवली असेल तर लहान रोपं पावसात मुळासकट उपटा, मोठी टप्प्याटप्प्याने काढा. रानमोडी नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते आणि मग बी वाऱ्यावर उडतं, म्हणून ती ऑगस्ट-सप्टेंबरात, जमीन मऊ असताना उपटायची. फुलल्यावर कापून उपयोग नाही.

पहिल्या फळीत करवंद, धायटी, तोरण, कुडा, आसाणा, भोमा. ओलसर कोपऱ्यात चांदाडा. यांच्या सावलीला दोन-तीन वर्षांनी किंजळ, ऐन, कुंभा, जांभूळ, अंजनी, काजरा, आवळा. खोल मातीचा कोपरा असेल तर रातांबा आणि सावर. रोपं विकत आणण्यापेक्षा बी गोळा करा, आणि ते दहा-पंधरा किलोमीटरच्या आतलं असावं. देवराईतलं पडलेलं फळ सर्वात चांगलं. पण मानकऱ्यांना विचारल्याशिवाय उचलू नका. काही देवरायांतून पानसुद्धा बाहेर नेत नाहीत, तो नियम पाळायचा. जांभळाचं बी वाळवून ठेवलं की मरतं. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळाचं बी त्याच आठवड्यात जागेवर टोचा. करवंदाचंही ताजंच पेरा. बहाव्याचं बी उलट कडक कवचाचं, कानशीने थोडं घासल्याशिवाय उगवायला वेळ लावतं.

खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवा आणि त्यात खाणीतलीच भुकटी, डबराचा बारीक चुरा आणि कुजलेला पाला भरा. सुपर फॉस्फेट घालायला कोणी सांगेल. जांभ्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, त्यातलं फार थोडं झाडापर्यंत पोचतं. आपली रानटी झाडं मुळांवरच्या बुरशीच्या मदतीने थोडक्यात भागवतात, म्हणून देवराईतल्या पालापाचोळ्याची, तीही विचारून, मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात घातली तर ती खतापेक्षा कामाची. जमीन पुरती भिजल्यावर, जूनच्या मध्यावर लावा. रोप फूटभराचं असावं, पिशवीत वाढून उंच झालेलं नको. उताराच्या बाजूला दगडांची अर्धगोल आळी करा आणि बुंध्याभोवती चपटे दगड रचा. मार्च-एप्रिलमध्ये त्या दगडाखाली हात घातलात तर गारवा लागेल, पण घालताना आधी काठीने हलवून बघा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा मडक्याने पाणी द्या, नंतर नाही.

याहून स्वस्त झाडं लावणारे तुमच्याकडे आधीच आहेत. डबराच्या ढिगांवर चार-पाच वाळलेल्या फांद्या घट्ट रोवून ठेवा. बुलबुल आणि मैना त्यावर बसतात आणि खाली बी टाकतात. आणि ढिगाच्या माथ्यावर सपाट दगड असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, विष्ठेसाठी अशी उघडी, उंच जागा आवडते, आणि तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. मे-जूनमध्ये ती विष्ठा काठीने उकलून पाहिलीत तर जवळजवळ सगळ्या बियाच असतात, जांभूळ, भेर्ली माड, कधी करवंदाच्या बारीक चपट्या बिया, वरून धुतल्यासारख्या स्वच्छ. पाऊस लागला की त्याच दगडाच्या फटीत पाच-सहा कोंब एकत्र दिसतात. ते उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. भोवती तीन दगड ठेवा, म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही. त्यातलं एखादं टिकतं, आणि जे टिकतं ते आपण लावलेल्या रोपापेक्षा चिवट निघतं. डबराचे ढीग म्हणूनच सपाट करायचे नाहीत. त्यांच्या पोकळ्यांत मुंगूस, सरडे, साप आणि कधी साळिंदर राहतं.

दर वर्षी त्याच चार जागांवरून, त्याच महिन्यांत फोटो काढा, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. शैवालाचा थर, गवताचा पट्टा, पाण्याची रेघ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, फोटोत कळतो. घरच्यांना दाखवायलाही तेच उपयोगी पडतात.

घरात आंबा लावायचाच असेल तर त्यालाही जागा आहे, पण खाणीत किंवा कातळावर नाही. सड्याच्या खालच्या अंगाला, जिथे मातीचा उतार सुरू होतो तिथे लावा, आणि पाण्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे बागेतलं काही वाहून खाणीत येणार नाही. हापूसवर मोहोराच्या काळात तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात. ते औषध वाऱ्याने आणि पंप धुतलेल्या पाण्याने डबक्यात आलं तर बेडूक आणि चतुर सगळ्यात आधी जातात. फवारणी वारा पडलेल्या वेळी करा, पंप आणि डबे खाणीच्या पाण्यात धुवायचे नाहीत, आणि बाग व पाणी यांच्यामध्ये किंजळ-करवंदाचा दाट पट्टा राखा. त्यासाठीचं करवंदाचं बी याच जूनमध्ये पेरलंत तर कलमं मोहोरायला येईपर्यंत तो पट्टा उभा राहतो.